तुर्माले हा फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पायरेनीज पर्वतातला घाट. तो सर्वांत उंच नाही, सर्वांत अवघडही नाही. मग टूर डी फ्रान्स या सायकल शर्यतीत त्याचाच एवढा बोलबाला का?

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यातली माहितीही बरोबर आहे. तुम्ही लिहिलंय की समालोचक तुर्मालेचं नाव घेताना आवाज चढवतात, पण आकडे पाहिले तर इटलीतला स्टेल्व्हिओ 2,757 मीटर, आल्प्समधला गालिबिए 2,642 मीटर, आणि तुर्माले जेमतेम 2,115. चढाच्या तीव्रतेत तर इटलीतल्या मोर्तिरोलो किंवा स्पेनमधल्या अँग्लिरूपुढे तो साधाच वाटतो. मग हे कौतुक नुसतं परंपरेचं आहे का?

परंपरा आहेच. पण माझ्या मते खरं कारण नकाशात आहे. तुर्माले टाळता येत नाही, म्हणून तो मोठा झाला.

पायरेनीजच्या फ्रान्सकडच्या बाजूच्या दऱ्या साधारण दक्षिणोत्तर पसरल्यात. नद्या डोंगरातून निघून उत्तरेला सपाटीकडे जातात. रस्तेही बहुतेक तसेच, दरीत शिरायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. शर्यतीला मात्र डोंगरात राहून पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं असतं. एकोणिसाव्या शतकात, तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं एकमेकांना जोडणारा एक रस्ता केला गेला. लुशोन, बान्येर, बारेज, ओ-बॉन अशी ती गावं. हवापालटाला येणाऱ्या श्रीमंतांच्या घोडागाड्यांसाठी केलेला हा रस्ता पेरसूर्द, आस्पँ, तुर्माले आणि ओबिस्क या चार खिंडी ओलांडतो. त्यातला तुर्माले आदूरच्या दरीतून लूझच्या दरीत उतरवतो. तो नको असेल तर थेट खाली लूर्दच्या सपाटीला उतरून वळसा घालावा लागतो, आणि मग डोंगरातला टप्पा कसला? आल्प्समध्ये आयोजकांना पर्याय भरपूर. या वर्षी गालिबिए, पुढच्या वर्षी मादलेन, त्यानंतर क्रुआ द फेर. पायरेनीजच्या मध्यभागी तेवढी चैन नाही. म्हणून टूरच्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा ओलांडला गेलेला मोठा घाट हाच आहे, ऐंशीहून अधिक वेळा.

आता चढाबद्दल. मी नोकरीनिमित्त काही वर्षं तुलूझला होतो आणि ऑफिसातल्या सायकलवाल्या मंडळींबरोबर हा घाट चढलोय, त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो: सरासरी चढ हा आकडा इथे फसवा आहे. पूर्वेकडून, म्हणजे सेंत-मारी-द-काँपाँ या गावातून, 17.2 किलोमीटर आणि सरासरी 7.4 टक्के असं लिहिलेलं असतं. वाचून वाटतं, ठीक आहे, जमेल. पण त्यातले पहिले चार-साडेचार किलोमीटर अगदी सौम्य आहेत, तीन-चार टक्क्यांचे. दोन्ही बाजूंना कुरणं, दगडी घरं. माणूस गप्पा मारत जातो. ग्रिप नावाची वस्ती मागे पडली की गप्पा बंद. उरलेल्या बारा-तेरा किलोमीटरची सरासरी साडेआठ टक्क्यांच्या वर जाते, आणि मधे दम घ्यायला सपाट तुकडा म्हणून मिळत नाही. प्रत्येक किलोमीटरला पाटी असते: शिखर किती दूर, इथली उंची किती, आणि पुढच्या एका किलोमीटरचा सरासरी चढ किती. ही पाटी लावणाऱ्याला आशीर्वाद द्यावेत की शिव्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ला माँजीच्या खाली हिमकडे कोसळू नयेत म्हणून रस्त्यावर काँक्रीटचं छत घातलंय. चढ तिथे दहा टक्क्यांपर्यंत जातो, आत उजेड कमी, आणि आपल्याच धापा घुमून परत कानावर येतात. त्यातून बाहेर पडलं की ला माँजी, स्की करणाऱ्यांसाठी उभारलेल्या उंच आणि दिसायला भिकार इमारतींचं गाव. उन्हाळ्यात अर्धंअधिक बंद. तिथून अजून चार किलोमीटर राहतात, झाडं संपलेली असतात, आणि रस्त्यात गाई खुशाल बसलेल्या असतात. त्या उठत नाहीत. वळसा आपणच घालायचा. शेवटच्या काहीशे मीटरला चढ पुन्हा दहाच्या वर जातो. पश्चिमेची बाजू लूझ-सेंत-सोव्हरपासून 19 किलोमीटरची आहे, सरासरी तेवढीच, पण एकूण चढाई 1,400 मीटरच्या आसपास. पुण्याकडच्या मंडळींना अंदाज यावा म्हणून सांगतो, दोंज्यातून सिंहगडावर गाडीरस्त्याने जितकी उंची गाठतो, त्याच्या दुपटीहून जास्त.

पण अवघड रस्ते जगात पुष्कळ आहेत. तुर्मालेचं नाव झालं ते 1910 पासून. टूर तेव्हा ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाची होती आणि संपादक आँरी देग्राँज हाच शर्यतीचा मालक असल्यासारखा वागायचा. पायरेनीज घ्या म्हणून त्याच्या मागे लागला होता त्याचाच वार्ताहर, आल्फाँस स्टेनेस. रस्ता पाहायला तो गेला तेव्हा खिंडीत बर्फ होतं. मोटार अडकली, ड्रायव्हरने पुढे यायला नकार दिला, तेव्हा हा पठ्ठ्या रात्रीचा पायी निघाला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर अर्धमेला होऊन बारेजला पोहोचला. तिथून त्यानं तार केली ती अशी की तुर्माले ओलांडला, रस्ता उत्तम, जाण्यायोग्य. ही हकिकत मुख्यतः स्टेनेसच्या स्वतःच्या तोंडची आहे, त्यामुळे तिला थोडा मीठमसाला लागलेला असणार. पण 21 जुलै 1910 ला लुशोन ते बायोन हा 326 किलोमीटरचा टप्पा खरोखर झाला, आणि वर सांगितलेल्या चारही खिंडी त्यात होत्या. सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. साखळी बदलणारे गिअर टूरमध्ये वापरायला परवानगी मिळाली ती थेट 1937 मध्ये. रस्ता कच्चा. पहाटे साडेतीनला सुटलेले खेळाडू चढावर सायकल ढकलत चालले. तुर्मालेच्या माथ्यावर ऑक्ताव्ह लापीझ पहिला आला, पण पाय न टेकता पूर्ण चढणारा होता गुस्ताव्ह गारिगू, आणि त्याला त्याबद्दल 100 फ्रँकचं बक्षीस मिळालं.

लापीझनं आयोजकांना ‘खुनी आहात तुम्ही’ असं सुनावलं ती प्रसिद्ध गोष्ट बरेच जण तुर्मालेवर नेऊन बसवतात. ती घडली पुढे ओबिस्कवर. लापीझनं तो टप्पाही जिंकला आणि त्या वर्षीची टूरही. 14 जुलै 1917 ला, पहिल्या महायुद्धात, त्याचं लढाऊ विमान पाडलं गेलं आणि तो गेला. खिंडीत आज जो धापा टाकणाऱ्या सायकलस्वाराचा मोठा धातूचा पुतळा आहे, तो त्याच्या नावानं ओळखला जातो. हिवाळ्यापूर्वी तो खाली उतरवतात आणि जूनच्या सुरुवातीला ट्रकवर घालून पुन्हा वर नेतात, मागे शेकडो हौशी सायकलस्वार.

माझी सर्वांत आवडती हकिकत मात्र 1913 ची, आणि ती उताराची आहे. युजेन क्रिस्तोफ तुर्मालेवरून सेंत-मारीकडे उतरत होता. शर्यतीत आघाडीवर असलेला बेल्जियमचा ओडिल डेफ्रे त्या दिवशी मागे पडला होता, म्हणजे क्रिस्तोफचा दिवस होता. उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, तुटला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाचीही मदत घ्यायची नाही. दुसरी सायकल वगैरे विचारूच नका. त्यानं सायकल खांद्यावर टाकली आणि दहाहून अधिक किलोमीटर चालत गाव गाठलं. तिथे एका लोहाराची भट्टी होती. क्रिस्तोफ मूळचा कुलपं बनवणारा कारागीर, त्यामुळे लोखंडाशी ओळख होती. तीनेक तास ठोकाठोक करून त्यानं फोर्क जोडला. शर्यतीचा पंच शेजारी उभा राहून पाहत होता. एका हातात तापलेलं लोखंड आणि दुसऱ्यात हातोडा, मग भाता कोण हलवणार? भट्टीवरच्या एका लहान पोरानं तो हलवला. पंचानं ती बाहेरची मदत धरली आणि 10 मिनिटांचा दंड ठोकला! पुढे तो 3 मिनिटांवर आणला, पण तोवर जवळजवळ चार तास गेलेच होते. फिलिप तिस जिंकला, क्रिस्तोफ पॅरिसला सातवा आला. टूर तो कधीच जिंकला नाही; 1919 मध्ये एकूण आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी अंगावर असताना पुन्हा फोर्कनंच दगा दिला. सेंत-मारीत त्या जागी पाटी आहे. चढ सुरू करण्यापूर्वी लोक तिथे थांबून फोटो काढतात, आणि नकळत एकदा स्वतःच्या फोर्ककडे पाहतात.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग: आजच्या शर्यतीत हा घाट निकाल ठरवतो का? बऱ्याचदा नाही. बहुतेक वर्षी तो टप्प्याच्या मध्यात येतो, शेवटच्या रेषेपासून बराच लांब. पुढे आणखी घाट बाकी असतात, मोठे संघ आपल्या नेत्याला सांभाळून वर नेतात, सर्वोत्तम चढाईपटूच्या जर्सीसाठी धडपडणारे माथ्यावरचे गुण आणि टूरचे जुने संचालक जाक गोदे यांच्या स्मरणार्थ असलेलं बक्षीस उचलतात, आणि टीव्हीवर पाहणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही. झालेलं असतं. कोणाच्या संघातले किती मदतनीस शिल्लक आहेत आणि कोण कितपत पोळलाय, हे तुर्मालेवर ठरतं. ते दिसतं पुढच्या घाटावर.

आणि अधूनमधून तिथल्या तिथेही फुटतं. 1969 मध्ये एडी मर्क्स पिवळ्या जर्सीत होता, आघाडी भक्कम होती, काही करायची गरजच नव्हती. तरी तुर्मालेच्या माथ्याजवळ त्यानं वेग वाढवला, उतारावर अंतर वाढलं, आणि मग साधारण 140 किलोमीटर एकटा चालवून मूराँला जवळजवळ 8 मिनिटांनी जिंकला. 1991 मध्ये ग्रेग लेमाँ शेवटच्या काहीशे मीटरमध्ये थोडासाच मागे पडला. मिगेल इंदुरेननं ते हेरलं आणि उतारावर सुसाट सुटला. खाली त्याला क्लाउदिओ क्यापुची येऊन मिळाला. टप्पा क्यापुचीला, पिवळी जर्सी इंदुरेनला, आणि लेमाँ सातहून अधिक मिनिटं मागे. तिथून इंदुरेनच्या सलग पाच विजयांची सुरुवात झाली. दोन्ही वेळा घाव चढावर नाही, माथ्यापाशी आणि उतारावर बसला, हे लक्षात घ्या.

म्हणूनच माथ्यावर टप्पा संपवणं मला व्यक्तिशः तेवढं रुचत नाही. 1974, 2010 आणि 2019 मध्ये टूरनं तसं केलं. 2010 मध्ये पायरेनीजची शताब्दी म्हणून एकाच टूरमध्ये दोनदा तुर्माले घेतला. धुक्यात अँडी श्लेक आणि अल्बर्टो काँटाडोर खांद्याला खांदा लावून वर आले. दृश्य म्हणून अप्रतिम, पण एकूण वेळेत दोघांमधलं 8 सेकंदांचं अंतर होतं तेवढंच राहिलं. (पुढे उत्तेजक प्रकरणात काँटाडोरचं विजेतेपद गेलं आणि ते श्लेकला मिळालं, तो भाग वेगळा.) 2019 मध्ये तिबो पिनो जिंकला तेव्हा सगळं फ्रान्स वेडं झालं होतं. माझं हे मत खोटं पाडणारा एकच टप्पा आठवतो, 2023 च्या महिलांच्या टूरमधला. पुन्हा धुकं, आणि डेमी व्होलेरिंगनं शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये सर्वांना सोडून जवळजवळ 2 मिनिटं कमावली. टूर तिथेच ठरली. त्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीचाही एक टप्पा तुर्मालेवर संपवला होता. एकाच संघाचे विंगेगॉर, कुस आणि रोग्लिच पहिले तीन आले.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटावर ‘घाटाचा राजा’ ठरतो, ते पाहिलेल्यांना माथ्यावरच्या वेगळ्या बक्षिसाची गंमत समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तुर्मालेच्या राजाला त्यानंतर बहुधा आणखी दोन राज्यं जिंकायची असतात.

स्वतः जायचा विचार असेल तर जूनचा मध्य ते सप्टेंबर हा काळ धरा. हिवाळ्यात रस्ता बंद असतो आणि वसंतात कधी उघडेल ते बर्फावर अवलंबून. पहिल्यांदा पूर्वेकडून चढा, आणि मागच्या चाकावर 34 दातांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) लावून जा, लाजायचं कारण नाही. पश्चिमेकडून चढलात तर बारेजच्या वर जुना रस्ता निवडा. लोराँ फिन्योंच्या नावाचा आहे आणि त्यावर मोटारींना बंदी आहे. वर जुलैतही कडाक्याचा वारा असतो. उतरताना घालायला जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे न्याच, कारण घामानं भिजलेल्या अंगानं 17 किलोमीटर उतरताना बोटं ब्रेकवर आखडतात.

शर्यत पाहायची असेल तर ला माँजीच्या छताखालच्या तुकड्याच्या थोडं वर उभे राहा. तिथे ते हळू येतात, एकेकटे येतात, आणि चेहरे नीट दिसतात.