‘पुट ऑफ’चा नेमका अर्थ काय? मीटिंग रद्द झाली की पुढे गेली?

साहेबांच्या मेलमध्ये ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ असं आहे ना? मग मीटिंग रद्द झालेली नाही, पुढे ढकलली आहे. तयारी चालू ठेवा. रद्द झाली असती तर ‘कॉल्ड ऑफ’ लिहिलं असतं. ही गल्लत मला फार महागात पडली आहे. कॉलेज संपल्यावर एका मुलाखतीबद्दल अशीच मेल आली. ‘पुट ऑफ’ वाचलं आणि नोकरी गेली असं समजून मेल बंद केली. नवी तारीख त्याच मेलच्या तळाशी होती. मी तिथवर वाचलंच नाही. म्हणून तुमचा प्रश्न दिसताच लिहायला बसलो.

आता तुमचं दुसरं वाक्य, ‘आय वॉज पुट ऑफ बाय द स्मेल’. इथे पुढे ढकललं काय? तर मन. ‘ऑफ’मध्ये दूर सारण्याचा भाव आहे, तो धरून ठेवा. तारीख दूर सारली की काम लांबणीवर पडतं. मन दूर सारलं गेलं की मन उडतं. डबा उघडला, भाजीचा आंबूस वास आला आणि जेवणावरची वासनाच गेली, हे झालं ‘पुट ऑफ’. त्यावरूनच ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण आलं. माणसाला दूर सारलं तर ती टोलवाटोलवी: उसने पैसे मागायला गेलं की दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’, म्हणजे ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’. आणि कुणी ऐन सर्व्हिस करताना मागे बडबडत असेल, तर ब्रिटनमधला खेळाडू म्हणेल, ‘डोन्ट पुट मी ऑफ’, माझं लक्ष उडवू नकोस.

जुन्या इंग्रजीत अंगावरचं काही उतरवणं म्हणजेही ‘पुट ऑफ’. 1611च्या इंग्रजी बायबलात जळत्या झुडपापाशी देव मोशेला वहाणा काढायला सांगतो, तिथे ‘पुट ऑफ दाय शूज’ असंच आहे. आज तिथे ‘टेक ऑफ’ म्हणतात. आपल्याकडचं ‘पुट ऑफ द लाइट’ परदेशी माणसाला लिहिताना ‘टर्न ऑफ’ केलेलं बरं.

व्याकरणात दोनच जागी पाय घसरतो. ‘इट’ हा शब्द ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्या मधोमध बसतो: ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ नव्हे. आणि पुढचं क्रियापद ‘इंग’ घेऊन येतं: ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’, ‘टू गो’ नाही.

साहेबांना आजच विचारून टाका, ‘अनटिल व्हेन हॅज इट बीन पुट ऑफ?’