डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत पात्र बनून खेळायचा खेळ) पहिलं कॅरेक्टर अ‍ॅपवर बनवू की कागदावर?

पहिलंच आहे ना, मग डी अँड डी बियाँड (त्याचं अधिकृत अ‍ॅप) घे, फुकट अकाउंटवर ६ कॅरेक्टर ठेवता येतात, तेवढी बास झाली. क्लास (योद्धा, जादूगार असा प्रकार) वगैरे निवडत गेलास की आकडेमोड तेच करतं. पण खरं सांगू का, एकदा तरी पेन्सिल घेऊन कागदावर कर, नाहीतर फाशात मिळवायचा तो +३ आला कुठून ते कळतच नाही आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) विचारलं की आपण फोन चाळत बसतो (माझं झालंय 😅). १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे कॅरेक्टरच्या सहा गुणांत वाट, फायटरला (लढवय्या क्लास) १५ स्ट्रेंथमध्ये, म्हणजे ताकदीत टाक, बोनस धरून समज १६ झाली, त्यातनं १० वजा, उरलेल्याचं अर्धं, झाले +३. अर्धा आला तर खालचा पूर्ण आकडा धरायचा. पाथफाइंडरची (तसलाच आणखी एक खेळ) दुसरी आवृत्ती खेळणार असशील तर मात्र सरळ पाथबिल्डर अ‍ॅप घे, त्या खेळात फीट्स (निवडायच्या खास क्षमता) इतके आहेत की कागदावर डोकं फिरतं.