मुलाच्या पदवीचे कर्ज की ठाण्यातला फ्लॅट?

रेडिंगहून एका वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा गोषवारा असा. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात आणि दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न सुमारे 74 हजार पौंड आहे. दोघांकडेही ब्रिटनमधील कायम वास्तव्याचा परवाना आहे. मुलगा यंदा ए-लेव्हलच्या, म्हणजे बारावीच्या तोडीच्या, परीक्षेला बसतो आहे आणि सप्टेंबर 2026 पासून त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायचे आहे. लंडनबाहेरच्या एका विद्यापीठाने चार वर्षांच्या इंटिग्रेटेड मास्टर्ससाठी (पदवी आणि मास्टर्स एकाच अभ्यासक्रमात) त्याला सशर्त प्रवेश देऊ केला आहे, शिवाय त्याने एका कंपनीकडे डिग्री अप्रेंटिसशिपसाठीही (नोकरी करता करता पदवी) अर्ज केला आहे. कुटुंबाची 40 हजार पौंडांची शिल्लक आहे, राहत्या घरावर 4.8 टक्के दराचे गृहकर्ज आहे, आणि 2009 साली 38 लाख रुपयांना घेतलेला, महिन्याला 24 हजार रुपये भाडे देणारा ठाण्यातील फ्लॅट आज 1 कोटी 5 लाखांना जाईल असा अंदाज आहे. वाचक लिहितात, "मुलाने नोकरीला लागताना डोक्यावर कर्ज घेऊन लागू नये असे आम्हां दोघांनाही वाटते. फ्लॅट विकून चारही वर्षांची फी रोख भरावी काय?"

माझे उत्तर नकारार्थी आहे. फीसाठी फ्लॅट विकू नये आणि शिल्लकही मोडू नये. मुलाने फीचे पूर्ण कर्ज सरकारी योजनेतून घ्यावे. मात्र या उत्तराचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, ती आधी तपासावी.

आपण दोघांच्या परवान्याविषयी लिहिले आहे, मुलाच्या नाही. विद्यापीठ आणि सरकारी विद्यार्थी कर्ज देणारी स्टुडंट फायनान्स इंग्लंड हे दोघेही विद्यार्थ्याचा स्वतःचा दर्जा पाहतात. सर्वसाधारण नियम असा की शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी 1 सप्टेंबर रोजी विद्यार्थ्याकडे स्वतःचा कायम वास्तव्याचा परवाना किंवा ब्रिटिश नागरिकत्व असावे, आणि त्याआधीची किमान तीन वर्षे त्याचे नियमित वास्तव्य याच देशात झालेले असावे. आई-वडिलांना परवाना मिळाला, मुलाचा अर्ज खर्चामुळे मागे राहिला आणि तो अवलंबिताच्या व्हिसावरच राहिला, असे अनेक घरांत घडते. तसे असेल तर सामान्यतः त्याला परदेशी विद्यार्थ्याची फी लागू होईल, जी इंजिनिअरिंगला स्थानिक फीच्या दुपटीहून अधिक असू शकते, आणि सरकारी कर्जही मिळणार नाही. मुलाचा ई-व्हिसा, म्हणजे त्याच्या दर्जाची ऑनलाइन नोंद, आजच उघडून पाहावा आणि शंका असेल तर सप्टेंबरची वाट न पाहता इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावे. पुढचे सर्व विवेचन मुलाचा दर्जा पक्का आहे असे धरून केले आहे.

इंग्लंडमध्ये 2025-26 या वर्षासाठी पदवीच्या फीची कमाल मर्यादा 9,535 पौंड आहे. ती यापुढे महागाईप्रमाणे वाढवण्याचे सरकारने जाहीर केले आहे, तरी सोयीसाठी आजचाच आकडा धरू. चार वर्षांचे 38,140 पौंड होतात. ऑगस्ट 2023 नंतर सुरू झालेल्या पदवी अभ्यासक्रमांना ज्या अटींवर कर्ज मिळते त्यांना प्लॅन 5 म्हणतात. शिक्षण संपल्यानंतरच्या एप्रिलपासून, वर्षाला 25 हजार पौंडांच्या वर जेवढी कमाई असेल तेवढ्याच भागाच्या 9 टक्के रक्कम पगारातून कापली जाते. पगार त्याखाली गेला किंवा नोकरी सुटली की कपात थांबते. 40 वर्षांनंतर उरलेली बाकी माफ होते आणि कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज तिथेच संपते, घरच्यांकडे वसुली येत नाही. व्याजाचा दर आरपीआय या महागाई निर्देशांकाइतकाच असतो, त्यावर काही अधिक नाही. 2025-26 साठी तो 3.2 टक्के आहे.

व्याज महागाईइतकेच असल्यामुळे हिशेब आजच्या किमतीत सरळ मांडता येतो. समजा मुलाचा पगार आजच्या मोलाने कायम 32 हजार पौंडांच्या आसपास राहिला आणि कपातीची मर्यादाही महागाईबरोबर सरकत राहिली. वर्षाला 630 पौंड, म्हणजे महिन्याला साडेबावन्न पौंड कापले जातील. 40 वर्षांत 25,200 पौंड भरून होतील आणि उरलेले सुमारे 13 हजार माफ होतील. अशा स्थितीत आपण आज रोख 38,140 भरलेत तर हे 13 हजार पौंड आपण सरकारला आपणहून देऊन टाकल्यासारखे होईल. आता तो 45 हजार मिळवतो असे धरा. वर्षाला 1,800 पौंड, महिन्याला 150. एकवीस वर्षांच्या सुमारास कर्ज पूर्ण फिटते आणि माफीचा लाभ काहीच मिळत नाही. तरीही तुमचे पैसे एकवीस वर्षे तुमच्याच हाती राहिले, आणि त्यांवर महागाईपेक्षा थोडा जरी अधिक परतावा मिळाला तरी रोख भरण्याहून हा मार्ग सरस ठरतो.

तो परतावा शोधायला दूर जावे लागत नाही. आपण स्वतः गृहकर्जावर 4.8 टक्के व्याज भरत आहात. 3.2 टक्क्यांचे आणि पगार नसेल तर हप्ताही न मागणारे कर्ज टाळायचे, आणि 4.8 टक्क्यांचे, हप्ता चुकला तर घरावर येणारे कर्ज तसेच ठेवायचे, हा क्रम उलटा आहे. हातात जादा पैसे असतीलच तर बँकेच्या अटींत बसेल तेवढे आधी गृहकर्जात भरावेत.

"ऋण काढून सण करू नये" हे आपल्या घरांतले शहाणपण बरोबरच आहे, पण ते ज्या कर्जाविषयी आहे ते सावकाराचे कर्ज. प्लॅन 5 चे वर्तन पगारावरच्या जादा करासारखे आहे. ते पतइतिहासात नोंदले जात नाही. मात्र पुढे मुलगा घर घेऊ लागला की बँक त्याच्या हातात पडणारा पगार पाहून किती कर्ज द्यायचे ते ठरवते, आणि तेव्हा हे महिन्याचे 150 पौंड वजा होतात. त्यावरचा उपाय म्हणजे आज फी न भरता वाचलेली रक्कम त्या वेळी घराच्या सुरुवातीच्या भरण्यासाठी देणे. 38 हजारांची ती मदत महिन्याच्या दीडशेच्या कपातीपेक्षा कितीतरी जड पडेल.

त्यासाठी लाइफटाइम आयसा हे बचत खाते मला फीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. मुलगा 18 वर्षांचा झाला की ते उघडता येते. वर्षाला 4 हजार पौंडांपर्यंत भरता येतात आणि सरकार त्यावर 25 टक्के, म्हणजे कमाल एक हजार, भर घालते. चार वर्षांत तुमच्या 16 हजारांवर 4 हजार पौंड मिळतील. अटी कडक आहेत: पहिलेच घर हवे, किंमत साडेचार लाख पौंडांच्या आत हवी, आणि वयाची 60 वर्षे वा अखेरच्या टप्प्यातला आजार असे कारण नसताना घराव्यतिरिक्त पैसे काढले तर 25 टक्के कापले जातात, म्हणजे तुमच्या मूळ रकमेलाही थोडी कात्री लागते. ही योजना बदलण्याचा सरकारचा विचार चालू आहे, त्यामुळे खाते उघडण्यात उशीर करू नये.

या कर्जात धोकाच नाही असे नाही. महागाई भडकली तर व्याजही भडकते. सरकार जुन्या कर्जदारांच्याही अटी बदलू शकते, आणि आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्लॅन 2 कर्जात कपातीची मर्यादा गोठवून त्याने तसे केलेलेही आहे. मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तरी परतफेड चुकत नाही, त्या देशासाठी ठरवलेल्या मर्यादेनुसार त्याला कर्जाची वसुली पाहणाऱ्या स्टुडंट लोन्स कंपनीला उत्पन्न कळवून स्वतः पैसे भरावे लागतात. पण कर्ज कधीही, कितीही, दंडाविना फेडता येते. पाच वर्षांनी मुलाचा पगार भरघोस निघाला आणि कर्ज पूर्ण फिटणारच हे स्पष्ट झाले, तर तेव्हा रक्कम भरण्याचा मार्ग मोकळा आहे. आज भरलेली फी मात्र परत मागता येत नाही.

आता फ्लॅटविषयी. नफा 67 लाखांचा. अनिवासी भारतीयाला 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सवलत मिळत नाही. अधिभार व उपकर धरून हा कर सुमारे साडेनऊ लाखांपर्यंत जातो. विक्रेता अनिवासी असल्यामुळे आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढले नाही तर खरेदीदार विक्रीच्या संपूर्ण रकमेवर कर कापतो, आणि जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळेपर्यंत अडकून पडते. ब्रिटनमध्येही हा नफा दाखवावा लागतो. तो खरेदी व विक्रीच्या दिवशीच्या विनिमयदराने पौंडांत मोजला जातो, दर 18 किंवा 24 टक्के असतो, आणि भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. महिन्याला 24 हजार भाडे म्हणजे आजच्या किमतीवर पावणेतीन टक्केही उत्पन्न नाही, त्यामुळे हा फ्लॅट कधीतरी विकणे शहाणपणाचे ठरेल असे माझे मत आहे. पण तो निर्णय निवांतपणे, करसल्लागाराला हाताशी धरून घ्यावा, प्रवेशाच्या घाईत नव्हे. आणि भाड्याचे उत्पन्न आजवर ब्रिटनच्या विवरणपत्रात दाखवले नसेल तर ते आधी निस्तरावे.

आपल्या घराची खरी ओढाताण फीमुळे होणार नाही, राहण्या-जेवण्याच्या खर्चामुळे होईल, आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही. निर्वाह कर्ज पालकांच्या उत्पन्नानुसार ठरते. घर सोडून लंडनबाहेर राहणाऱ्याला 2025-26 मध्ये जास्तीत जास्त 10,544 पौंड मिळतात, पण पूर्ण रक्कम फक्त 25 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांनाच, आणि ही 25 हजारांची रेषा 2008 पासून हललेली नाही. सुमारे 62 हजारांच्या वर उत्पन्न असलेल्यांना किमान रक्कम, म्हणजे 4,915 पौंड मिळतात. आपण त्या गटात आहात. पुष्कळ शहरांत वसतिगृहाचे वर्षाचे भाडेच त्याहून अधिक असते. मधला 5,629 पौंडांचा फरक, म्हणजे महिन्याला सुमारे 470 पौंड, पालकांनी भरायचा हे व्यवस्थेने गृहीत धरले आहे, मात्र तसे स्वच्छ शब्दांत पालकांना कळवण्याची तसदी ती घेत नाही. ही रक्कम चार वर्षे पगारातून निघेल का, ते आधी पाहावे. न निघाल्यास 40 हजारांच्या शिल्लकेचा उपयोग इथे करावा. किमान निर्वाह कर्जही मुलाने अवश्य घ्यावे, त्याच्या अटी फीच्या कर्जासारख्याच आहेत.

चार वर्षांच्या इंटिग्रेटेड मास्टर्सची निवड आर्थिकदृष्ट्याही चांगली आहे. तीन वर्षांची पदवी घेऊन मग वेगळे एक वर्षाचे मास्टर्स केले तर त्यासाठी निराळे कर्ज घ्यावे लागते. 2025-26 मध्ये त्याची मर्यादा 12,858 पौंड आहे, त्यातच फी आणि राहणे दोन्ही भागवायचे, आणि त्याची 21 हजारांवरील कमाईवर 6 टक्के कपात ही आधीच्या 9 टक्क्यांच्या जोडीला येते. इंटिग्रेटेड अभ्यासक्रमात चौथे वर्षही पदवीच्याच कर्जात बसते. मध्ये एक वर्ष उद्योगात काम करण्याची सोय असेल तर ती घ्यावी. त्या वर्षाची फी कमाल मर्यादेच्या सुमारे 20 टक्के, म्हणजे 1,905 पौंडांपर्यंतच असते आणि पगारही मिळतो.

डिग्री अप्रेंटिसशिपविषयी आपण "ती दुय्यम वाटते" असे लिहिले आहे. अप्रेंटिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आयटीआय येते, म्हणून हा समज होतो. ब्रिटनमध्ये पात्रतेला पातळीचा क्रमांक असतो: ए-लेव्हल तिसऱ्या पातळीवर, एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) पाचव्या, पदवी सहाव्या आणि मास्टर्स सातव्या. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये सहाव्या किंवा सातव्या पातळीची पूर्ण विद्यापीठीय पदवीच मिळते. मुलगा पहिल्या दिवसापासून पगारी नोकर असतो, फी त्याला भरावी लागत नाही, ती कंपनी आणि शासन मिळून भागवतात. त्याबदल्यात विद्यार्थी कर्ज मिळत नाही आणि विद्यार्थी जीवनाची मोकळीकही नसते. पैशांच्या तराजूत हा पर्याय सर्वांत वरचढ आहे. पदवी कोणते विद्यापीठ देणार आणि चार्टर्ड इंजिनिअर ही व्यावसायिक मान्यता मिळवण्याच्या वाटेवर ती कितपत मानली जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि बोलावणे आले, तर मी ही जागा सोडण्याचा सल्ला देणार नाही. जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र असते, म्हणून विद्यापीठाचा प्रवेशही हातचा राखावा.

निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागला तर इंजिनिअरिंगचे फाउंडेशन वर्ष, म्हणजे पदवीआधीचे तयारीचे वर्ष, सुचवले जाईल. वर्गातील अध्यापनावर चालणाऱ्या विषयांच्या फाउंडेशनची फी 5,760 पौंडांवर आणली आहे, इंजिनिअरिंगला मात्र ती पूर्णच आहे. फीचे कर्ज सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाची वर्षे अधिक एक एवढेच मिळते. ते एक जादा वर्ष चुकीच्या विषयात वाया गेले तर पुढच्या अपयशाचा खर्च घरातून करावा लागतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये निकालाच्या दिवशी घाबरून मिळेल ती जागा घेऊ नये.

जामीन राहावे लागेल का, हा आपला शेवटचा प्रश्न. नाही. कर्ज मुलाच्या एकट्याच्या नावावर असते. आपल्याला फक्त उत्पन्नाची माहिती द्यायची असते, आणि तीही निर्वाह कर्ज किमान रकमेहून अधिक हवे असेल तरच. आपले उत्पन्न पाहता ते वाढण्याची शक्यता नाही, म्हणून मुलाने उत्पन्नावर न ठरणारी किमान रक्कम मागून अर्ज केला तरी चालेल. अर्ज वसंत ऋतूत सुरू होतात आणि प्रवेश पक्का होण्याची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्याच्या मध्यापूर्वी भरला तर सप्टेंबरचा पहिला हप्ता वेळेवर हाती पडण्याची शक्यता अधिक असते. विद्यापीठ बदलले तर तो अर्ज नंतर दुरुस्त करता येतो.