तारण विश्वासानंच, मग दानधर्म कशाला?

प्रश्न : आमच्याकडं एक लुथरन पाळक उपदेशाला आलेले, म्हणाले तारण (पापातून सुटका) फक्त विश्वासानं, कर्मानं नाही. मग दानधर्म कशाला? आणि आपलं कोल्हापूरचं मिशन पण लुथरनच काय?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही ओ ताई, आपल्याकडं वाईल्डरसाहेब १८५२ ला आले, ते अमेरिकन मिशन, पुढं प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचाच दुसरा पंथ) झालं. लुथरनवाले १७०६ लाच तमिळ मुलखात तरंगमबाडीला उतरलेले.

दानधर्माचं म्हणाल तर कर्म सोडा असं ल्युथर (ज्याच्या नावानं लुथरन पंथ आहे तो) कुठं म्हणाला? त्याचा राग चर्चनं पैसे घेऊन पापक्षमेची पत्रं विकण्यावर, १५१७ चे त्याचे ते ९५ मुद्दे मुख्यतः त्यावरच (धंदा जोरात होता तेव्हा!). तारण फुकट मिळालंय म्हटल्यावर देवाशी हिशेब करत बसायची गरजच उरत नाही, मग शेजारणीला दवाखान्यात न्यायला आपण मोकळे, एवढंच त्याचं म्हणणं.