आजीची विळी ओट्यावर

प्रश्न : ताई, मी मुलुंडला राहते आणि प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विळी घेतली आहे. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आजीला खाली बसायला मनाई आहे, पण सुरी तिच्या हातात बसत नाही. घडीची विळी ओट्यावर ठेवूनच ती चिरते (खाली ओलं फडकं घालते). ‘विळी वापरताना काय अडचण येते?’ असा फॉर्म मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. बहुतेकांनी ‘काही नाही’ लिहिलं, बाकीच्यांनी ‘धार जाते’. आता काय करू?

उत्तर : फॉर्म बाजूला ठेव. रोजच्या वस्तूचा त्रास अंगवळणी पडलेला असतो, विचारलं की आठवत नाही. ऑक्सो या अमेरिकन कंपनीच्या मापाच्या कपाचंच बघ. काय खटकतं असं विचारल्यावर लोक म्हणाले, पडला की फुटतो, तेलकट हातातून निसटतो. प्रत्यक्ष मोजताना पाहिलं तर माणसं थोडं ओतत होती, वाकून रेघ बघत होती, पुन्हा ओतत होती, पुन्हा वाकत होती. हे कुणाच्याच तोंडून आलं नव्हतं. मग कपाच्या आत तिरकी पट्टी देऊन आकडे उभ्याउभ्या, वरूनच वाचता येतील असे केले.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू कंसात टाकली आहेस : ओलं फडकं. खाली बसलं की विळीच्या पाटावर आपला पाय असतो. अंगाचा भार तिला धरून ठेवतो आणि दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. (मासे घ्यायला गेलीस की कोळीण मावशींचा पाय बघ. आपण सगळे हातच बघत बसतो.) ओट्यावर तो पाय गेला, म्हणून विळी सरकते, म्हणून फडकं. त्यात ओट्याच्या उंचीवर पात्याची उंची चढते. आजीचे खांदे वर उचलले जातात का, ती चवड्यांवर उभी राहते का, हे बाजूने व्हिडिओ काढून बघ. आधी तिला विचार मात्र, आणि चिरताना मध्ये बोलू नकोस. ‘अगं आजी, अशी धर ना’ तर मुळीच नको.

मेथी चिरताना बघून भागणार नाही. लाल भोपळा फोडताना आणि नारळ खवताना बघ, खरा जोर तिथे लागतो. शेजारच्या दोन-चार घरांतही जा. काही जणींनी ओट्यावरची विळी सोडून डायनिंग टेबल गाठलं असेल, काहींनी नारळ खवणं सुनेवर टाकलं असेल. फॉर्ममध्ये त्या ‘काही नाही’च लिहिणार.

शिकंजा लावून विळी ओट्याच्या कडेला आवळायची, हे तुला सुचलं असेलच. सगळ्यांना तेच सुचतं. त्याआधी टेप घेऊन कडा मोज. कुठे ग्रॅनाइट जाड, कुठे कड गोल केलेली, कुठे पाणी खाली येऊ नये म्हणून पट्टी उचललेली, कुठे खालच्या ड्रॉवरमुळे शिकंजा फिरवायलाच जागा नाही. पहिले नमुने पुठ्ठ्याचे आणि लाकडी पात्याचे कर. उंची आणि पकड कळायला धार लागत नाही. आणि काम झाल्यावर विळी ठेवतात कुठे, तेही टिपून घे. मुंबईच्या स्वयंपाकघरात जी वस्तू घडी होऊन ओट्याखाली जात नाही, ती महिन्याभरात माळ्यावर जाते.