दारूच्या दुकानांचे नियम कडक करून काही फरक पडतो का, की सरळ बंदीच हवी?

पडतो फरक. नाशिकला एका वाईन शॉपच्या काउंटरवर मी सहा वर्षं काढलीत, त्यामुळे 'पिणारा कुठूनही मिळवतोच' हे मला सांगू नका, शेठच्या तोंडून रोज ऐकलंय.

नियम आहेतच की. बिअर-वाईनला वय २१, बाकी दारूला २५, आणि वर परमिट, म्हणजे दारू घ्यायचा-प्यायचा सरकारी परवाना. एक दिवसाचं परमिट विदेशीला ५ रुपये, देशीला २. तुमच्याकडे कुणी कधी मागितलंय? आम्ही रात्री अर्धं शटर ओढून परमिटबुकं भरायचो, सुचतील ती नावं टाकून, माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याच गळ्यात.

एकदा संध्याकाळी पाठीला सॅक लावलेला एक पोरगा आला, मिसरूडही धड फुटलं नव्हतं, व्हिस्कीची क्वार्टर मागितली. मी आधार कार्ड मागितलं तर गप्प उभा. तेवढ्यात मागून शेठ, "दे रे, आपण नाही दिली तर पुढच्या चौकात घेईल." दिली मी, पेपरात गुंडाळून. दहा-दहाच्या नोटा होत्या, घामाने ओल्या झालेल्या. आठवड्याने त्याचे वडील आले. "माझ्या पोराला इथूनच देता ना?" एवढंच विचारलं, ओरडले नाहीत. शेठ आत बसून होता, मी खाली बघत राहिलो.

मग २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं १ एप्रिलपासून बंद झाली, त्यात आमचंही गेलं. शहरांना नंतर सूट मिळाली, पण मधल्या काळात अंबड एमआयडीसीतून सुटल्यावर रोज आमच्याकडे थांबणारे दोघं-तिघं मला बाजारात भेटले, म्हणाले आता लांब जावं लागतं, वर रांग, म्हणून शनिवारीच आणतो. ना डॉक्टर ना शपथ, नुसती वाट लांबली आणि रोजची क्वार्टर आठवड्यावर गेली. पुढचा चौक लांब असला ना शेठ, की माणूस दरवेळी तिथवर जात नाही.

बंदीचं म्हणाल तर चंद्रपूरला २०१५ ला केली आणि २०२१ ला उठवली, अवैध दारू वाढली हे कारण खुद्द सरकारनेच दिलं. मला बंदी नकोच. वय न बघता विकलं की लायसन सस्पेंड करा, दंडाने काही होत नाही, तो गल्ल्यातून एका संध्याकाळी निघतो. वाईन शॉपची नवीन लायसन राज्यात कित्येक दशकं निघालेली नाहीत, असलेल्याला सोन्याचा भाव आहे, ते जाईल म्हटलं की बघा कसे आधार कार्ड मागतात.

हां, एक राहिलं. सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात त्याला दुकान लांब नेऊन उपयोग नाही. त्याला दवाखान्यात न्या, घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते.

दुकान परत उघडल्यावर शेठचा फोन आला होता. म्हटलं, वय विचारू देणार असाल तर येतो. "बघतो" म्हणाला, परत फोन आला नाही.