भारतात एवढा पराक्रम करूनही विस्मरणात गेलेला फुटबॉल क्लब कोणता?

तुम्ही विचारलंय की मोहन बागान आणि ईस्ट बंगाल बाजूला ठेवले, तर एके काळी देशभर दबदबा असलेला आणि आज कुणाच्या तोंडी नसलेला क्लब कोणता. माझं उत्तर ठाम आहे: हैदराबाद सिटी पोलीस. मी परभणीचा. त्यामुळं हे उत्तर जरा हक्कानं देतोय. तो हक्क कसा, ते पुढं येईलच.

आधी कामगिरी. मुंबईतली रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं ती या संघानं जिंकली. १९५० मध्येच दिल्लीत ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला हरवलं. १९५४ आणि १९५७ ला पुन्हा ड्युरँड, आणि १९६१ ला आंध्र पोलीस या नावानं चौथ्यांदा. कलकत्त्याचे क्लब म्हणजेच भारतीय फुटबॉल, असं मानण्याचा तो काळ होता. त्या काळात दख्खनमधल्या पोलीस शिपायांचा संघ दरवर्षी मुंबईला यायचा आणि कप घेऊन परत जायचा.

हा आजच्या अर्थानं व्यावसायिक क्लब नव्हता, हे सांगायला हवं. करार, बोली, मालक असलं काही नव्हतं. खेळाडू पोलीस खात्यात नोकरीला असायचे, पगार खात्याचा. पण कामाचं स्वरूप पाहिलं तर त्यांचं पोट फुटबॉलवरच चालत होतं. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये खेळलेल्या हैदराबाद एफसीशी याची गल्लत करू नका. तो क्लब २०१९ साली एफसी पुणे सिटी बंद झाल्यावर त्याच्या जागी आला. दोघांचा संबंध फक्त शहराचा.

या संघाचं सगळं मोठेपण एका माणसापाशी येऊन थांबतं: सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीम साहेब म्हणत. जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशानं शाळामास्तर. त्यांनी शिकवलेल्या शाळांमध्ये काचीगुड्याची शाळा होती, चादरघाटची होती. परभणी-नांदेडकडच्या माणसाला काचीगुडा वेगळं सांगावं लागत नाही, आमची अजिंठा एक्स्प्रेस तिथंच जाते. १९४३ मध्ये ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. १९५० पासून पोलीस संघाचे आणि भारताच्या संघाचेही प्रशिक्षक, ते १९६३ मध्ये जाईपर्यंत.

मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो चषकांमुळं नव्हे, तर ते मुलांना शिकवायचे त्या पद्धतीमुळं. त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरवल्या की जिथं चेंडू घेऊन पळायलाच बंदी. आला की द्यायचा. आता विचार करा, पंधरा वर्षांच्या पोराला चेंडू पायाशी ठेवताच येत नसेल, तर तो येण्याआधीच मान वर करून सोबती कुठं आहे ते त्याला पाहावं लागतं. दुसऱ्या एका प्रकारात फक्त कमजोर पायानं खेळायचं. उजव्या पायाच्या मुलानं अख्खा सामना डाव्यानं काढायचा. यातून दोन्ही पायांचे, झटपट पास देणारे खेळाडू तयार झाले. ते अंगानं शिडशिडीत होते, आपल्याकडं तेव्हा बरेच जण अनवाणीच खेळत. धिप्पाड संघांशी धक्काबुक्कीत त्यांचा निभाव लागला नसता. जमिनीलगत, वेगानं फिरणारा चेंडू हेच त्यांचं बळ होतं आणि रहीम साहेबांनी ते नेमकं ओळखलं होतं. महागडं साहित्य नाही, परदेशी तज्ज्ञ नाही, फक्त खेळाचा एक नियम बदलायचा. शिक्षकच असा विचार करू शकतो, असं मला मनापासून वाटतं.

याच शिकवणीचा फायदा देशाला झाला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत इराणला १-० हरवून सुवर्ण. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा जबर पराभव, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मग १९५६ चं मेलबर्न. १ डिसेंबरला भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले आणि भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचला. अखेर चौथा क्रमांक. त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन असे हैदराबादचे कितीतरी खेळाडू होते.

आता गंमत पाहा. या सामन्याच्या बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्यच नकाशावरून गेलं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेलंगण आंध्र प्रदेशात गेलं, कानडी भाग म्हैसूरला. पण पाचही रोव्हर्स आणि पहिले दोन ड्युरँड जिंकले तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. ज्या तिजोरीतून त्या पोलिसांचा पगार व्हायचा, त्याच तिजोरीत आमच्या आजोबा-पणजोबांचा शेतसारा जमा व्हायचा. हाच माझा हक्क.

आमच्याकडं हा इतिहास का सांगितला जात नाही, तेही मला कळतं. ज्या घरांनी रझाकारांचे दिवस भोगले, त्या घरांत हैदराबादच्या पोलिसांचं नाव कौतुकानं निघणं अवघड होतं. ते दुःख खरं आहे, त्याला कुणी कमी लेखू नये. पण तारखा नीट पाहिल्या पाहिजेत. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. रोव्हर्सचे सगळे विजय त्यानंतरचे, भारतीय प्रजासत्ताकातल्या राज्याचे. १९५२ ला तर बुर्गुल रामकृष्ण राव यांचं लोकांनी निवडून दिलेलं सरकार होतं. तो संघ निजामाचा म्हणून सोडून देणं त्या खेळाडूंवर अन्याय आहे. त्यातले बहुतेक हैदराबाद-सिकंदराबादच्या मोहल्ल्यांतले गरीब घरचे होते.

उतार कसा लागला? चांगले खेळाडू कलकत्त्याला जाऊ लागले होते. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम ईस्ट बंगालला गेला. राज्य फुटलं, संघाचं नाव बदललं. पण सर्वांत मोठा घाव ११ जून १९६३ चा, त्या दिवशी रहीम साहेब वारले. आदल्याच वर्षी जकार्तात रहीम साहेबांच्या संघानं दक्षिण कोरियाला २-१ हरवून दुसरं आशियाई सुवर्ण आणलं होतं, पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांच्या गोलांवर. तेव्हाच त्यांना कर्करोगानं ग्रासलं होतं. त्यांच्यामागं ती शिकवण चालवणारा कुणी उभा राहिला नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, तोवर खात्यांच्या संघांचे दिवस सरत आले होते.

वाचणाऱ्यांपैकी मराठवाड्यातल्या कुणाच्या घरी त्या काळी हैदराबादेत शिकलेले, नोकरी केलेले वडीलधारे असतील, तर त्यांना या संघाबद्दल जरूर विचारा. मैदानात बसून रहीम साहेबांच्या पोरांचा खेळ पाहिलेलं माणूस आता नव्वदीच्या घरात असेल. जे सांगतील ते लिहून काढा आणि इथं खाली टाका. त्या काळच्या उर्दू वर्तमानपत्रांची कात्रणं कुणाकडं असली तर मला ती वाचायची आहेत.